बक्षिसाचा सूर

माझा आवाज चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण ज्यांनी मला ऐकलं त्यातले अर्धे आता राहिले नाहीत, मग सांगणार कोण?

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांशी वाजलं, पाटी उचलून घरी आलो, तो परत गेलो नाही. पुढे रेल्वेत लागलो. नरडाण्याला चावीवाला होतो. रुळाच्या कडेकडेने चालायचं, ढिल्या झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या. सोबतीला कोणी नाही, त्यामुळे गाण्याला मोकळं रान. आणि आमची गायन पार्टी होती. पेटी आणि गाणं माझं, ढोलकी माझ्या दोस्ताची, मागे दोघे कोरसला. दोस्ताचं वस्तीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता त्याची बोटं टायरवर ताल धरायची आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, आम्हाला गावोगावहून बोलावणी यायची. शिंदखेडा, धुळे, अमळनेर, एकदा तर थेट सावद्यापर्यंत जाऊन केळीच्या ट्रकमधून परत आलो होतो.

शब्द मी जुळवायचो, चाल सिनेमाची असायची. तेव्हा सगळ्याच पार्ट्या तसं करायच्या. लोकांच्या ओठांवर चाल आधीच असते, तिच्यावर आपला शब्द बसवला की तो घरोघर जातो. पण माझं एक होतं. चाल घ्यायची तर हुबेहूब घ्यायची. एसटीने धुळ्याला जायचो, टॉकीजमध्ये बसायचो आणि गाणं आलं की डोळे मिटून घ्यायचो. पडद्यावर कोण नाचतंय याच्याशी मला घेणं नव्हतं. एका खेळात नाही बसली चाल, तर दुसऱ्या खेळाचं तिकीट. आमचा ढोलकीवाला लोकांना सांगायचा, "भाऊना गळामा रेडिओ शे. फक्त बातम्या लागतीस नही." ते ऐकून माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू.

मुलगी एकच. ती लहान असताना स्टेजच्या खाली, ढोलकीच्या पुढ्यात बसायची. घरी आली की पळी हातात धरून पुकारा करायची, "अमक्या भाऊंकडून पार्टीला एक रुपया बक्षीस! पार्टी त्यांची आभारी आहे!" तिची आई हसून हसून भाकरी करपवायची. मी तिला पेटी शिकवली, म्हणजे बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. बाकी ती स्वतःच शिकली. दहावी झाली, बारावी झाली, संगीत घेऊन बी. ए. झाली आणि मग जळगावला एम. ए. ला गेली. तिथल्या मेहरूण भागात तिची मावशी राहायची, तिथे सोय झाली. नातेवाईक म्हणाले, गाण्यात कोणी एम. ए. करतं का? मी म्हणालो, माझी पोरगी करते.

दुसऱ्या वर्षाला त्यांना एका विषयावर प्रबंध लिहावा लागायचा. छोटा असतो, पण पास व्हायचं तर तो पाहिजे. कोणी राग घेतला होता, कोणी नाट्यगीतं, कोणी अभंग. आमच्या पोरीने मॅडमना सांगितलं, मला जयंतीच्या गाण्यांवर लिहायचं आहे. माझ्या वडिलांच्या पार्टीच्या गाण्यांवर.

त्या रविवारी ती घरी आली तेव्हा मी वस्तीभर सांगून आलो होतो. कॉलेजात माझ्या गाण्यावर पुस्तक निघणार, असंच सांगितलं होतं. रात्रीचं जेवण करता करता तिने पुढचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "विषय मला आवडला. पण चाली सिनेमाच्या आहेत. शब्दांचा अभ्यास करायचा तर मराठी विभागात जा. संगीताच्या मुलीने यात शोधायचं काय? बाहेरचे परीक्षक येतील ते पहिला प्रश्न हाच विचारतील. त्याचं उत्तर तुझ्याकडे नसेल, तर प्रबंध परत येईल आणि वर्ष जाईल."

"मंग बदल ना विषय," तिची आई म्हणाली. "वर्ष गयं तं तुना काकासले तोंड कसं दाखाडू? त्या आतेच इचारतस, पोरनं लगन कव्हय."

"उत्तर आहे माझ्याकडे," पोरगी म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही सिनेमाची चाल गात नाही. तुम्ही ती बदलता."

घास माझ्या हातातच राहिला. मी म्हणालो, "काय म्हनी तू?"

"बदलता. ओळीच्या शेवटी तुम्ही वर चढता आणि वेगळ्याच वाटेने खाली येता. सिनेमात तसं नाहीच. मी दोन्ही लिहून बघितलं."

आता बघा. जन्मभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, ती नाहीच म्हणून पोटची पोर सांगते. आणि तेही कौतुकाने! मी ताटावरून उठलो. तीस वर्षं मी हुबेहूब गातोय, टॉकीजच्या तिकिटांवर पगार घातलाय, आणि माझी चाल चुकते?

"चुकते नाही म्हणाले मी, आबा. बदलते."

"एकच शे ते," मी म्हणालो आणि हात धुतले.

सकाळी तिने टेप आणला. पार्टीच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी कोणी कोणी भरून ठेवल्या होत्या, त्या तिने गोळा केल्या होत्या. आधी सिनेमाचं गाणं लावलं, मग त्याच चालीवरचं माझं. गाणं माझं आवडतं. शाळा सोडणाऱ्या पोरीला उद्देशून लिहिलेलं. 'पाटी पुसू नको गं लेकी, अजून लिवायचं हाय.' सिनेमातली ओळ जिथे शांत खाली उतरते, तिथे माझं 'हाय' वर गेलं, वरच राहिलं आणि मग जिन्यावरून उतरावं तसं थांबत थांबत खाली आलं.

ढोलकीवाला बाजूला बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"सेल उतरना व्हतीन," मी म्हणालो. सेल उतरले की टेप भलताच आवाज काढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ढोलकीवाला उठून दुकानावर गेला, नवे सेल घेऊन आला. घातले. पुन्हा तेच.

"मंग टेपमाच खोड व्हई. कोना शे हाऊ टेप?"

"मॅडमचा," पोरगी म्हणाली.

"व्हई ना मंग. मॅडमना टेपले आपली गाणी कसी समजतीन!"

तिला हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही होतं. म्हणाली, "आबा, तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांपुढे हे गाणं प्रत्यक्ष दाखवायचं आहे. तुम्ही याल ना? फक्त या. जसं नेहमी गाता तसं गा. बाकीचं मी बोलेन."

मी येतो म्हणालो. आणि मनात ठरवून टाकलं.

मी काय ठरवलं, ते तेव्हा कोणाला सांगितलं नाही, एका ढोलकीवाल्याशिवाय. पोरगी मोठ्या परीक्षकापुढे सांगणार, माझे वडील चाल बदलतात. तो मनात म्हणणार, म्हणजे धड येत नाही. बापाची अब्रू जाईल तर जाईल, पण पोरीचा प्रबंधही त्याच्यासोबत जाईल. म्हणून मी तिथे असं गाणार होतो की सिनेमावाल्याने खाली मान घालावी. एक सूतभर इकडे तिकडे नाही.

धुळ्याला गेलो आणि त्या सिनेमाची कॅसेट विकत आणली. कामाला निघायच्या आधी ऐकायचो, आणि मग लाईनीवर हातोड्याच्या ठोक्यावर तेच म्हणत चालायचो. 'हाय' वर गेलं की थांबायचो, मागे यायचो, पुन्हा. सवय मोठी चिवट असते. आठवडाभर तर ते 'हाय' बकरीसारखं वर पळायचं आणि मी दावं धरून ओढायचो. मालगाडीचा गार्ड एकदा डब्यातून ओरडला, "चावीवाले, रुळांशी भांडताय का?" शेवटी बसली. ओळ अगदी सिनेमासारखी शांत खाली उतरू लागली.

ढोलकीवाल्याला ते काही पसंत नव्हतं. म्हणाला, "भाऊ, पोरगी सांगस नेहमीनं गा. तू हाई नवं कसाले करी ऱ्हायना?"

"नवं नही, हाई खरं शे."

"माले नही आवडनं."

"तू ढोलकी वाजाड."

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघे पॅसेंजरने निघालो. पेटी मांडीवर, ढोलकी त्याच्या कुशीत. अमळनेरला गाडीत चढलेल्या एका म्हातारीने विचारलं, कोनं लगन शे? ढोलकीवाला म्हणाला, "लगन नही माय, परीक्षा शे." ती म्हणाली, "ह्या वयमा?" धरणगावपर्यंत आम्ही हसत होतो. मग जळगाव जवळ आलं आणि मला हसू येईनासं झालं.

मी नवा पांढरा सदरा घातला होता. कॉलेजच्या संगीताच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, दोन तानपुरे कोपऱ्यात उभे. मॅडम होत्या. बाहेरचे परीक्षक होते, सडपातळ, कमी बोलणारे, समोर पोरीचा प्रबंध उघडा. पोरगी भिंतीला लागून बसली होती. साडी नेसली होती, त्यामुळे एकदम मोठी दिसली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे, घाबरू नका आबा. मी कशाला घाबरतो.

परीक्षक तिला म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, गायन पार्टीत चित्रपटाची चाल आत शिरते आणि दुसरीच होऊन बाहेर पडते. दावा मोठा आहे. आधी ऐकू या."

पेटीवर बोटं ठेवली. ढोलकीने उचल घेतली. आणि मी गायलो. काय गायलो म्हणून सांगू! प्रत्येक सूर जिथल्या तिथे. 'अजून लिवायचं हाय' म्हणताना ओळ तुपासारखी खाली उतरली. दुसरं कडवं, तसंच. मला वाटलं, जिंकली बाजी. बाजूला बघितलं तर मॅडम खाली बघत होत्या.

परीक्षकांनी हात वर केला. मी थांबलो. ते म्हणाले, "आवाज उत्तम आहे. पण बाई, ही तर जशीच्या तशी चित्रपटाची चाल आहे. बदललं काय? तुमच्या पानांवर जे लिहिलंय, ते इथे मला ऐकू आलं नाही."

मी पोरीकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की मी तो विसरू म्हटलं तरी विसरत नाही. राग नव्हता. तिला एका क्षणात कळलं होतं, मी काय करून आलो होतो. ढोलकीवाल्याने ढोलकीवर हात सपाट ठेवला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "सांग्यं व्हतं मी तुले."

आता मलाही कळलं. मी तिचं उत्तरच पुसून टाकलं होतं. पण गळ्याचं असं असतं की ठरवून चुकता येत नाही. महिनाभर घासून बसवलेली ओळ आता हवी तेव्हा मोडायची कशी? वर जायचं ते कुठून जायचं, तेच आठवेना. मी कधी जाणूनबुजून गेलोच नव्हतो ना वर.

मॅडम म्हणाल्या, "कॅसेटवर आहे ना तुझ्याकडे?" पोरगी म्हणाली, "आहे." पण तिने कॅसेटला हात लावला नाही. परीक्षकांना म्हणाली, "सर, अजून एकदा ऐका. एकच कडवं." आणि मला म्हणाली, "आबा, गा. आत्ता गायलात तसंच गा."

मी सुरू केलं. मन नव्हतं, पण गायलो. 'पाटी पुसू नको गं लेकी' म्हणून 'लिवायचं'पर्यंत आलो, तेवढ्यात पोरगी उठली. सतरंजीवरून चालत आली, पदराच्या गाठीतून एक रुपयाचं नाणं काढलं, माझ्या पेटीवर टक्कन ठेवलं, आणि वळून, लहानपणी पळी धरून करायची त्याच आवाजात, परीक्षेच्या खोलीत पुकारा केला:

"मेहरूणच्या एका विद्यार्थिनीकडून पार्टीला एक रुपया बक्षीस! पार्टी तिची आभारी आहे!"

आणि माझं 'हाय' गेलं वर.

मी नेलं नाही. ते गेलं. थेट वरच्या षड्जाला जाऊन उभं राहिलं, ती आभार मानेपर्यंत तिथेच राहिलं आणि ती बसल्यावर एक एक पायरी थांबत खाली आलं. ढोलकीवाल्याचा हात तर माझ्याही आधी धावला होता. त्याने अशी तिहाई मारली की कोपऱ्यातले तानपुरे घुमले. मग आम्ही थांबलोच नाही. पुढचं कडवं, त्याच्या पुढचं, आणि आता रुपया नसतानाही प्रत्येक 'हाय' आपोआप वर जात होतं, दाव्यातून सुटलेल्या बकरीसारखं.

संपल्यावर परीक्षकांनी चष्मा काढला. मला विचारलं, "हे वर जाणं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "माईक एकच होता."

त्यांना कळलं नाही. मी सांगणार होतो, पण पोरीने हात करून मला गप्प केलं. पहिल्यांदाच केलं तिने तसं, आणि मी गप्प बसलो. तिने सांगितलं. कार्यक्रमात माईक एक. गाण्याच्या मध्येच कोणी बक्षीस द्यायला उठला की पुकारा करणारा माईक उचलतो. देणाऱ्याचं नाव सगळ्या वस्तीला ऐकू गेलं पाहिजे, त्याचा तो मान असतो. पण गाणं तुटून चालत नाही. तेव्हा गाणारा माईकशिवाय उरतो, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर त्याला आवाज वर न्यावा लागतो आणि पुकारा संपेपर्यंत तिथेच धरून ठेवावा लागतो. सिनेमात त्या जागी व्हायोलिनं वाजतात, इथे बक्षीस वाजतं. असं वर्षानुवर्षं झालं. मग बक्षीस आलं नाही तरी गळा वाट बघायला लागला. "लोकांनी चाल बदलली, सर. आबांनी नाही. मी पंधरा-वीस कॅसेटी ऐकल्या आहेत. जुन्या कॅसेटीत ज्या ओळीवर पुकारा आहे, तीच ओळ नव्या कार्यक्रमात पुकाऱ्याशिवायही वर गेलेली आहे. दुसऱ्या पार्ट्यांचीही."

मी पेटीवर कोपर टेकून ऐकत होतो. माझ्याच गळ्याची गोष्ट, आणि मी ती पहिल्यांदा ऐकत होतो. ती मराठीत बोलत होती, चांगल्या शुद्ध मराठीत, पण हात मात्र तिच्या आईसारखे हलत होते. पुढे दोघांचं बरंच चाललं. सूर, श्रुती, लय, मला अर्धं समजलं नाही. एवढं समजलं की परीक्षक आता प्रश्न विचारत नव्हते, बोलत होते. मध्येच मॅडमना म्हणाले, "हे छापलं पाहिजे." मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी नाही हलवली. त्यांच्या टेपबद्दल माझं मत अजून बदललेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात पोरगी माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने एवढंच विचारलं, "महिनाभर घोकत होता ना?"

"तुनाकरताच."

"माहीत आहे." मग हसायला लागली. "किती छान घोकलंत, आबा! अगदी हुबेहूब!"

हे तिने कौतुकाने म्हटलं की टोमण्याने, ते मी अजून विचारलेलं नाही.

प्रबंध पास झाला, ती एम. ए. झाली. लग्न तिने नंतर केलं, तिच्या सवडीने, आणि त्याआधी धुळ्याला कॉलेजात शिकवायला लागली. सुट्टीत तिचे विद्यार्थी टेप घेऊन आमच्याकडे यायचे. एक पोरगी आखाजीच्या सणाला झोक्यावर म्हणतात त्या गाण्यांवर लिहीत होती, एक जण बँडवाल्यांवर. सगळ्यांना मी आधी सांगायचो की मी चाल हुबेहूब गातो. मग गाऊन दाखवायचो. ते एकमेकांकडे बघायचे. बघू देत.

परीक्षेच्या त्या दिवशी परतीच्या पॅसेंजरमध्ये पोरगी आम्हाला बसवायला आली होती. गाडी सुटायला वेळ होता. खिडकीतून हात आत घालून म्हणाली, "आबा, तो रुपया द्या. मला जपून ठेवायचा आहे."

मी खिशावर हात ठेवला. "बक्षीस परत देतस नही, बेटा."

"मी दिलेलं होतं!"

"म्हनीसनच नही."

ढोलकीवाल्याने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. "भाऊ, त्यामा आठ आना मना शेतस, ध्यान ठेव."

गाडी हलली. ती फलाटावर चालत राहिली, हसत, आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडली, "पार्टी आभारी आहे!"

तिला तिकडे ऐकू जावं म्हणून मला उत्तर जरा वरच्या सुरात द्यावं लागलं.